राजाची शुश्रूषा

सुरतेचे नाव निघाले की महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला हटकून शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आठवतात. १६६४ आणि १६७० या दोन सनांपलीकडची सुरत त्याला सहसा ठाऊक नसते. येथेच जन्म काढणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना मात्र या शहराची आणखी एक जुनी कीर्ती ठाऊक असायला हरकत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या जेम्स फोर्ब्ज या गृहस्थाने १८१३ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या आठवणींत, सुरतेच्या वाणी महाजनांनी चालविलेल्या प्राण्यांच्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. उंच भिंतींचे मोठे आवार आणि त्यात निरनिराळ्या प्राण्यांसाठी निरनिराळे चौक. १७७२ साली तेथे घोडे, बैल, शेळ्या, माकडे, कबुतरे व नाना तऱ्हेचे पक्षी होते, आणि ७५ वर्षे तेथेच मुक्कामाला असलेले एक म्हातारे कासवही होते. आजारी पाखराला औषधपाणी करणे हा हल्लीच्या रिकामटेकड्यांचा शौक आहे, असे आमच्या गल्लीत जे कोणी म्हणतात, त्यांना मी हे कासव नेहमी ऐकवते.

आमचे दिंडोली म्हणजे या शहराचे आग्नेयेकडचे टोक. एके काळी हे शेतांनी वेढलेले खेडे होते. आता उधना-जळगाव लोहमार्गाच्या अंगाने चाळी आणि सोसायट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्या लोहमार्गाच्याच आधाराने खानदेशातील माणसे येथे आली, यंत्रमागांवर लागली आणि येथलीच झाली. जिन्यात अहिराणी, भाजीवालीशी गुजराती आणि शाळेत मराठी, असा आमचा त्रिभाषिक संसार आहे. मी महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. त्यामुळे निम्मी गल्ली मला 'बाई' म्हणते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि माग थांबले. रात्रंदिवस कानावर आदळणारा तो खडखडाट बंद झाला तेव्हा आमच्या सासूबाईंना शांततेमुळे झोप येईना. मे महिन्यात लोक गावाकडे निघाले. आमच्या वरच्या मजल्यावर शिरपूर तालुक्यातील एक कुटुंब भाड्याने राहत असे. त्यांनीही मिळेल त्या वाहनाने जायचे ठरविले. निघण्याच्या दिवशी त्यांचा बारा वर्षांचा मुलगा एका हातात पिंजरा आणि दुसऱ्या हातात दाण्यांची पिशवी घेऊन आमच्या दाराशी उभा राहिला. "बाई, आम्ही येईपर्यंत राजाला ठेवाल का?" एवढेच तो म्हणाला. त्या दिवसांत कोण कधी परत येणार हे कोणालाच सांगता येत नव्हते. आमच्या ह्यांनी काही न बोलता पिंजरा आत घेतला आणि गॅलरीतल्या खिळ्याला अडकविला.

हा पक्षी म्हणजे कॉकाटील. बाजारात त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. दारूबंदीच्या या राज्यात त्या नावाचा उच्चार मोठ्याने करताना आमच्या ह्यांना अजूनही संकोच वाटतो. मूळचा हा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या मुलखाचा रहिवासी. काकाकुव्याच्या कुळातला हा सर्वांत लहान. वजन सुमारे ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम कांद्याएवढे. नीट निगा राखली तर पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. आमच्याकडे आलेला पिवळसर पांढऱ्या रंगाचा होता. गालांवर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. हा तुरा म्हणजे त्याच्या मनाचा आरसा. दचकला की ताठ उभा, घाबरला किंवा रागावला की डोक्याला चिकटलेला, आणि स्वस्थ असला की किंचित मागे कललेला. राखाडी रंगाच्या कॉकाटीलमध्ये नराचा चेहरा मादीपेक्षा अधिक पिवळा असल्याने ओळख पटते. या पिवळ्या जातीत तसा फरक दिसत नाही. शेपटीच्या पिसांच्या खालच्या बाजूला मादीला फिकट पट्टे असतात, पण ते उजेडासमोर धरून निरखल्याशिवाय दिसत नाहीत. विकणाऱ्याने नर म्हणून विकला, मुलाने राजा नाव ठेवले, आणि २०२१ च्या चैत्रात राजाने पिंजऱ्याच्या तळाशी पांढरेशुभ्र अंडे घातले.

घरात हसण्याची एक लाट उसळली. सासूबाई, ज्यांचे वय त्या वेळी ८२ होते, दोन दिवस आल्यागेल्याला बोलावून ते अंडे दाखवीत होत्या. पण एका दिवसाआड दुसरे आले, मग तिसरे, असे करीत सहा झाली. पंधरा दिवसांची विश्रांती झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नराशिवाय घातलेली ही अंडी कोंबडीच्या अंड्यांप्रमाणेच निर्जीव होती, त्यातून काही निघणार नव्हते. पण राजाची दया येऊ लागली. अडाजणला पक्ष्यांचे औषधोपचार करणारे एक डॉक्टर आहेत असे कळले, तेव्हा तिला घेऊन गेलो. केसपेपरवर त्यांनी गंभीरपणे लिहिले : 'राजा, मादी'.

त्या डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते मला शाळेतल्या कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. कॉकाटीलचे अंडे पाच-सहा ग्रॅमचे असते. नव्वद ग्रॅमच्या देहातून ते बाहेर पडणे म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीने सव्वातीन-साडेतीन किलोचे मूल प्रसवण्यासारखे आहे. स्त्री ते वर्षा-दोन वर्षांनी करते, ही दिवसाआड करते. प्रत्येक अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागते. ते आहारातून मिळाले नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून काढून देते. हाडे ठिसूळ होतात. रक्तातले कॅल्शियम फारच उतरले तर अंडे ढकलणाऱ्या स्नायूंतली शक्तीच संपते आणि अंडे आत अडकून बसते. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पाखरांत हे अधिक घडते, कारण बाजारात मिळणाऱ्या दाण्यांत, विशेषतः सूर्यफुलाच्या बियांत, स्निग्धांश भरपूर, पण कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व अगदी थोडे.

"अने बेन," डॉक्टर म्हणाले, "पंखी पोतानुं दुःख छुपावे छे." पाखरू आपले दुखणे लपविते. रानात जो पक्षी आजारी दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते. म्हणून उभे राहण्याचे त्राण असेपर्यंत तो निरोगी असल्यासारखाच वागतो. तो पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेला आपल्याला दिसतो, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, तराजूवर विसंबा, असे त्यांनी बजावले.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात एक लहानसा विजेरी काटा आला. ज्या शहरात कॅरटच्या शंभराव्या भागासाठी डोळ्यांत तेल घालून बसणारी हजारो माणसे आहेत, तेथे मी रोज सकाळी एक पाखरू ग्रॅममध्ये तोलते याचे कोणाला नवल वाटू नये. सकाळी दाणे देण्यापूर्वी, पोट रिकामे असताना, तिला काट्यावर ठेवलेल्या काठीवर बसवायचे आणि आकडा टिपून घ्यायचा. निवृत्तीच्या वेळी सामानात आलेला एक कोरा हजेरीपट माझ्याकडे होता. त्याच्या बारीक चौकटींत हे आकडे फार सुरेख बसतात. एक-दोन ग्रॅमचा चढउतार चालायचाच. पण दहाव्या भागाएवढे वजन घटले की डॉक्टरांकडे निघायचे, एवढा एकच नियम. वजनाबरोबर विष्ठाही पाहावी लागते. तिचे तीन भाग असतात : हिरवट घट्ट, पांढरा आणि पाणी. त्यातला कोणता बदलला यावरून पुष्कळ कळते. सुनांनी नाक मुरडले तरी मी हे काम दुसऱ्या कोणावर सोपवीत नाही.

खाणे बदलणे हे सर्वांत जिकिरीचे होते. पाखराला लहानपणी जे अन्न म्हणून दाखविले गेले तेवढेच त्याला अन्न वाटते. बाकी सारे त्याच्या लेखी पालापाचोळा. दाणे एकदम बंद केले तर ते हट्टाने उपाशी राहून मरते, पण नवीन पदार्थाला तोंड लावीत नाही. शेवग्याचा पाला, मेथी, किसलेले गाजर, उकडलेल्या अंड्याचा भुगा, सारे समोर ठेवले आणि सारे जसेच्या तसे उचलले. महिना गेला. शेवटी युक्ती सुचली ती सासूबाईंना. त्यांच्या माहेरून, अमळनेरकडून, दादर येत असे. दादर म्हणजे आमच्या खानदेशची रब्बीची ज्वारी. तिचे अख्खे कणीस त्यांनी पिंजऱ्यात टांगले. राजा त्यावर तुटून पडली. ऑस्ट्रेलियातही हे पक्षी थव्याने ज्वारीच्या शेतात उतरतात आणि तिकडचे शेतकरी त्यांच्या नावाने बोटे मोडतात, हे पुढे वाचनात आले. मग दुसऱ्या दिवशी कणसाभोवती मेथीची पाने गुंडाळली, तिसऱ्या दिवशी ओला शेवगा. दाण्यापर्यंत पोहोचायचे तर पाने फाडणे भाग आणि फाडता फाडता चव कळली. पूर्ण पालट व्हायला तीन महिने लागले. कॅल्शियमसाठी डॉक्टरांचे औषध होतेच. शिवाय काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन आणून पिंजऱ्याला बांधला. हे माखलीच्या पाठीतले हाड. आमच्या आईच्या काळी कानाच्या औषधात ते उगाळीत. राजा त्यावर चोच घासून चुरा करून खाते. सकाळचे कोवळे ऊनही तिला हवे, पण खिडकीच्या काचेतून आलेले नव्हे. काच उन्हातले जे किरण अडविते, तेच ड जीवनसत्त्वासाठी लागतात.

तरीही २०२२ च्या श्रावणात व्हायचे ते झालेच, आणि तेही कानबाईच्या रविवारी.

आमच्याकडील कानबाई ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाईची स्थापना होते. रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. भाऊबंद एकत्र येतात, रोटाचा स्वयंपाक असतो आणि त्या दिवशी घरातल्या थोरल्या सुनेने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणे कोणाच्या कल्पनेतही बसत नाही. मी थोरली सून. घरात तीसएक माणसे. दुपारी तीनच्या सुमारास वरच्या खोलीत राजाला पाणी द्यायला गेले, तर ती पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली. पिसे फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासागणिक शेपटी खालीवर होत होती. पोट मागच्या बाजूला टणक लागले. सकाळचा आकडा हजेरीपटात होता : ९७. आदल्या आठवड्यापेक्षा सात ग्रॅम जास्त. अंडे अडकले होते.

डॉक्टरांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, ऊब द्या आणि ताबडतोब या, काही तासांचाच प्रश्न आहे. खाली येऊन पाहते तो देवघरासमोर धूप पेटलेला, पाटावर कानबाई, पुरणाचा घाट अर्धा, आणि साऱ्या जावा-नणंदा माझ्या तोंडाकडे पाहत. एका पाखरासाठी देवीला सोडून जाणारी सून, हे शब्द कोणी उच्चारले नाहीत, पण ते मला ऐकू आले. माझी एक चुलत नणंद एवढेच म्हणाली, "वहिनी, उद्या विसर्जन झाल्यावर नेलं तर नाही का चालणार?" मी सासूबाईंकडे पाहिले. त्या पाटाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "जाय माय. बायतीन से ती."

बाळंतीण आहे ती. यावर कोणाला काय बोलता येणार? कानबाई ही बायकांचीच देवता.

बुटाच्या खोक्यात फडके, त्याखाली गरम पाण्याची पिशवी, वर हवेसाठी भोके. ह्यांनी रिक्षा आणली. रविवारची दुपार असूनही दिंडोलीपासून अडाजणपर्यंत तासभर गेला. रिंगरोडवरच्या पुलांवरून जाताना मी खोक्याला कान लावून बसले होते. क्ष-किरणांच्या चित्रात अंडे स्पष्ट दिसले. गोल आणि फिकट, कवच नीट भरले नव्हते. डॉक्टरांनी कॅल्शियमची सुई दिली, राजाला ओलसर उबेच्या पेटीत ठेवले आणि सांगितले की रात्री आठपर्यंत वाट पाहू. नाहीच आले तर सुईने अंड्यातला द्रव ओढून घेऊन कवच मोकळे करावे लागेल, पण त्यात धोका आहे. शस्त्रक्रिया करून बीजवाहिनी काढता येते. नव्वद ग्रॅमच्या जिवाला भूल देणेच मुळात जोखमीचे, त्यामुळे तो शेवटचा उपाय. हे सारे ऐकून ह्यांनी विचारले, "आणि काहीच केले नाही तर?" डॉक्टरांनी उत्तर दिले नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी अंडे आले. कवच पातळ, अंडाकृतीही नव्हे, वेडेवाकडे. राजा त्याच्याकडे न पाहताच पाणी पिऊ लागली. आम्ही साडेनऊला घरी पोहोचलो तेव्हा गाणी सुरू झाली होती. सासूबाईंनी मधेच थांबून फक्त हाताने विचारले आणि मी हातानेच सांगितले. पुढे मुलाने हिशेब केला की त्या एका दिवसाचा खर्च राजाच्या बाजारभावाच्या दुपटीहून अधिक झाला. हिशेब बरोबर होता.

त्यानंतरची शुश्रूषा म्हणजे अंडी होऊच नयेत यासाठीची खटपट. दिवस मोठा झाला, खाणे मुबलक झाले, अंधारा कोपरा मिळाला की पाखराच्या शरीराला वाटते, घरटे करण्याचे दिवस आले. म्हणून दिवस लहान करायचा. संध्याकाळी सहाला पिंजऱ्यावर जाड कापड, ते सकाळी आठला काढायचे. आमच्या घरात संध्याकाळी दूरदर्शनसंच लागतो. तो पिंजऱ्याच्या खोलीतून हलविण्यावरून दोन दिवस अबोला झाला, मग हलला. पिंजऱ्यातला आरसा काढला, कारण आरशातल्या प्रतिमेलाही ती जोडीदार समजते. पाठीवरून हात फिरविणे बंद. डोके खाजविण्यापुरतीच मुभा. पिंजऱ्याची जागा मधूनमधून बदलायची. आणि अंडे आलेच तर ते उचलायचे नाही. उचलले की ती भरपाईसाठी आणखी घालते. तिला तीन आठवडे ते उबवू द्यायचे, कंटाळून उठली की मग काढायचे. हे शेवटचे आमच्या घरात कोणालाच पटेना. एवढ्या अंड्यांनी हाल झाले आणि तीच पुन्हा तिच्या पोटाखाली! पण २०२३ साली दोनदाच अंडी झाली. हजेरीपट साक्षीला आहे.

धुराचा विषय निघायलाच हवा. पक्ष्यांना फुप्फुसांखेरीज शरीरभर हवेच्या पिशव्या असतात, आणि हवा त्यांच्या फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहते. त्यामुळे प्राणवायू ते आपल्यापेक्षा फार चांगला शोषतात, आणि विषही. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी पाखरे नेत. ती प्रथा १९८६ साली बंद झाली. काळ्या लेपाचा तवा फार तापला की त्यातून निघणारी वाफ माणसाला कदाचित जाणवणारही नाही, पण पाखराला काही मिनिटांत मारते. आमचा तसा तवा त्याच दिवशी घराबाहेर गेला आणि बिडाचा परत आला. डासांची कॉइल गेली, मच्छरदाण्या आल्या. उदबत्ती, धूप, कापूर यांचे काय, हा प्रश्न मी विचारू धजत नव्हते. तोही सासूबाईंनीच एका संध्याकाळी सोडविला. धूपपात्र उचलून त्या गॅलरीच्या पार टोकाला गेल्या आणि म्हणाल्या, "देवले काय धूर खावाना से?"

त्याच सासूबाईंवरून घरात खरा कठीण प्रसंग आला. २०२३ च्या दिवाळीनंतर त्यांना कोरडा खोकला लागला. दिवसरात्र, थांबेचना. कॉकाटीलच्या अंगातून पांढरी पूड सतत झडत असते, फडताळावर तिचा थर साचतो. शिवाय पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला सिटॅकोसिस नावाचा ज्वर होऊ शकतो आणि म्हाताऱ्यांत तो फुप्फुसावर जातो. हे सर्व खरे आहे. माझा मुलगा ते कुठेतरी वाचून आला आणि त्याने स्पष्ट विचारले, "आई, आजी महत्त्वाची की पाखरू?" अशा प्रश्नाला एकच उत्तर असते आणि मीही तेच दिले. राजाला शेजारणीकडे ठेवले. सासूबाईंची छाती तपासली, क्ष-किरणांचे चित्र स्वच्छ आले. राजाच्या विष्ठेची तपासणी झाली, तीही निर्दोष. खोकला मात्र राजा गेल्यानंतरही तसाच. मग वैद्यांनी त्यांच्या गोळ्यांची यादी मागविली. रक्तदाबावरच्या एका प्रकारच्या गोळ्यांनी काहींना असा कोरडा खोकला येतो. ती गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला. राजा परत आली, पण नियम घेऊन आली. पिंजरा गॅलरीतच, रोज ओल्या फडक्याने पुसायचा, कागद कोरडे झटकायचे नाहीत, आणि साफ करणाराने नाकातोंडावर कापड बांधायचे. मुलाची शंका वावगी नव्हती, म्हणून तिचा राग धरण्याचेही कारण नव्हते.

या सगळ्या वर्षांत भेटणारे एक वाक्य मात्र मला फार छळते : "सोडून द्या ना बिचारीला, पुण्य लागेल." म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पिंजऱ्यातली पाखरे सोडविण्याची प्रथा या शहरात जुनी आहे. आपला हिरवा पोपट असता तर मी त्यांचे लगेच मानले असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळणे गुन्हा आहे, आणि तो न्याय्यच आहे. त्याचे रान इथेच आहे. राजाचे रान समुद्रापलीकडे, आणि तेही तिने पाहिलेले नाही. तिच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. ती उडून गेली तर आमच्या समोरच्या तारेवरचे कावळे तिला दुपार पाहू देणार नाहीत. उत्तरायणात तर विचारायलाच नको. दिंडोलीच्या गच्च्यांवरून चौदा आणि पंधरा जानेवारीला जो मांजा ताणला जातो त्यात येथल्या जाणत्या पाखरांचेही पंख कापतात. जखमी पक्ष्यांसाठी सरकारला २०१७ पासून दर वर्षी 'करुणा अभियान' चालवावे लागते. पाखरू पिंजऱ्यात जन्माला घालून विकणे हेच मला मान्य नाही, आणि मी स्वतः कधी विकत घेणार नाही. पण जे जन्मले आहे त्याला आभाळात फेकून देणे म्हणजे सुटका नव्हे, आपली सुटका आहे.

वरच्या मजल्यावरचे कुटुंब परत आले नाही. त्यांनी गावीच थोडी शेती धरली. मुलाचा वर्षातून एक-दोनदा फोन येई. राजा कशी आहे, असे तो विचारी. 'कसा' म्हणायची सवय त्याने दुसऱ्याच फोनला सोडली. २०२५ च्या जूनमध्ये तो स्वतःच दारात उभा राहिला. सतरा वर्षांचा, ओठांवर मिसरूड. कापड बाजारात एका दुकानी घड्या घालण्याच्या कामाला लागला होता आणि गोडादऱ्याच्या एका खोलीत सात जणांबरोबर राहत होता. मला एकाएकी लक्षात आले की हा तिला न्यायला आला असेल. तिच्यावर हक्क त्याचाच होता, 'येईपर्यंत' एवढाच आमचा करार होता. त्याने पिंजऱ्यासमोर बसून शीळ घातली. राजाचा तुरा ताठ झाला, मग हळूहळू खाली आला. ओळखले की नाही, हे मी सांगू शकत नाही.

मी काही न बोलता हजेरीपट त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो पहिल्या पानापासून वाचला, अगदी सावकाश, कानबाईच्या रविवारच्या ९७ या आकड्यावर बोट ठेवून त्याने विचारले आणि मी सांगितले. मग त्याने खोलीतल्या इतरांबद्दल सांगितले. दोघे विड्या ओढतात, कॉइल रात्रभर जळते, दिवा बारापर्यंत असतो. "इथेच राहू द्या, बाई," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "रविवारी मी तोलत जाऊ का?"

आता रविवारच्या चौकटींत त्याचे अक्षर आहे. माझ्या हाताखाली शिकला असता तर चार रेघी वहीत आणखी थोडा गिरवून घेतला असता. गेल्या पावसाळ्यात राजाने दोन अंडी घातली. तिसऱ्याच्या भीतीने आम्ही चार दिवस कॅल्शियम आणि गरम पाण्याची पिशवी तयार ठेवली होती, ते आले नाही. सासूबाईंना आता नीट दिसत नाही. पण रोज सकाळी काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, त्याशिवाय त्या चहाला हात लावीत नाहीत.